देवीच्या मुखवट्यात भुरी

मंडळी, आज काय झालं ते ऐका.

बोहाड्यात, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवायच्या आमच्या उत्सवात, घालायचे मुखवटे रंगवतो त्या आमच्या खोलीत उंदीर फार झालेत. मुखवट्यांच्या कागदी लगद्यातली खळ खायला येतात लेकाचे. म्हणून आज घरची भुरी मांजर कामावर नेली. सगळ्या जव्हारात हसू झालं. काम राजेसाहेबांच्या संस्थानाचं, आणि हा मांजर घेऊन आला, म्हणे!

दुपारी पोशेऱ्याचे काळूबाबा मुखवटा बघायला आले. देवीचं सोंग पिढ्यानपिढ्या त्यांच्याच घरात. फळीवर वाळत ठेवलेला देवीचा मुखवटा मी उचलायला गेलो, तर आत भुरी व्यालेली. तीन पिल्लं! आणि मी समजत होतो, दूध पिऊन सुटलीय.

सोंग उद्या रात्री नाचायचं. बाबा विटाळ झाला म्हणाले तर गावाला काय तोंड दाखवू?

बाबा वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आईच्या कुशीतून काढायची नाय रं. तिची ती नेईल."

"आणि उद्यापर्यंत नाही नेली तर?"

"मंग गावाला तूच सांग."

आत्ता दिवेलागणीला भुरीनं एक पिल्लू तोंडात धरलं. म्हटलं, सुटलो! ती बाहेर आली आणि सरळ शेजारच्या महिषासुराच्या मुखवट्यात जाऊन बसली.

त्याचंही सोंग उद्याच आहे. मंडळी, तुम्ही काय केलं असतं?