सोमारीचं अस्वल आणि सत्तारभाऊ

सत्तारभाऊ भिंतीवर चार फटकारे मारायचे आणि उलटे चालत सुटायचे. हातात ओला ब्रश, नजर चित्रावर, पाय मागे मागे. पंचवीस-तीस पावलांवर थांबून डोळे बारीक करायचे, मान हलवायचे आणि पुन्हा भिंतीकडे निघायचे. पहिल्या दिवशी मी घाबरून म्हणाले, "भाऊ, पडाल!" तर म्हणाले, "बाई, शेवटच्या रांगेतल्या मानसाले दिसत नसन, त तो पडदा कायचा?"

ते वडशाचे. झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवणं हा त्यांचा धंदा. हिवाळाभर राजवाडे आणि नदीकाठ रंगवण्यातून उसंत नसे, पावसाळ्यात मात्र हात रिकामे. म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका जुलैत, ते एटापल्लीकडच्या आमच्या आश्रमशाळेचे वर्ग रंगवायला आले. येताना आठ दिवसांचा बेत होता. नाल्याला पूर आला, बस बंद पडली आणि मुक्काम दीड महिन्याचा झाला.

असंच उलटं चालताना एकदा ते कुंपणापाशी बसलेल्या सोमारीवर आदळले. "माफ कर माय," त्यांनी हात जोडले, "मागचं दिसत नाई मले." मुलं खदखदून हसली, सोमारी हसली नाही. तिसरीतली ही मुलगी कुणाशीच बोलत नसे. तिचा बाप लालसू मोहफुलं वेचायला गेला असताना अस्वलानं त्याचा अर्धा चेहरा फाडला होता, एक डोळाही गेला होता. मुलं तिला 'अस्वलाची पोर' म्हणून चिडवत. बाजाराच्या दिवशी लालसू लेकीला भेटायला येई, पण तोंडाला दुपट्टा गुंडाळून कुंपणाबाहेरच उभा राही.

आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकातली शहरातली चित्रं परकी वाटायची. पुस्तक उघडायलाच ती तयार नसत. मी हे सत्तारभाऊंना सांगितलं, तर त्यांनी पडद्याच्या उरलेल्या मांजरपाटाची आठ पानं कापली, जाड दोऱ्यानं शिवली आणि स्वतःच एक गोष्ट रचली. अंगभर व्रणांचं एक अस्वल असतं. सगळं जंगल त्याला हाकलत असतं. वणव्यात तितराची पिल्लं सापडतात, तेव्हा हेच अस्वल त्यांच्यावर ओणवं होतं आणि आपली पाठ जाळून घेऊन त्यांना वाचवतं. जंगल प्रसन्न होतं आणि शेवटच्या पानावर अस्वलाचं देखणं, ठिपक्याठिपक्यांचं हरीण होतं. अक्षरं मी काढली. मुलं हरखून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर शेवटचं पान कोळशानं काळंकुट्ट! बाकी एकाही पानाला डाग नव्हता. मी संतापून सगळ्यांना रांगेत उभं केलं. सोमारी आपणहून पुढे आली. तिचे हात काळे होते. मी आवाज चढवणार, तोच सत्तारभाऊ मध्ये पडले. "थांबा बाई. पोरगी कायतरी सांगून राह्यली."

ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "काऊन माय, हरीण वाईट हाय काय?"

तिनं काळ्या पानावर बोट ठेवलं. म्हणाली, "अस्वल कुठी गेला?"

"तो बदलला न. चांगला झाला."

"चांगलाच होता. माझ्या बाबाचं तोंड नाई बदलत."

सत्तारभाऊ दुपारी जेवले नाहीत. ते काळं पान मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसून राहिले. मग त्यांनीच सोमारीला हाक मारली. "अस्वल नाई बदललं, त मंग कोन बदललं?"

"बाकीचे," ती म्हणाली.

त्यांनी ते पान उसवलं आणि नवं कापड लावलं. आता अस्वल तेच होतं, तेच व्रण, वर जळलेली पाठ. पण सारं जंगल त्याला खेटून बसलं होतं. कोण कुठे बसणार, ते सोमारी सांगत होती आणि सत्तारभाऊ मुकाट रंगवत होते.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, गाव जमलं आणि सोमारी पुस्तक घेऊन उभी राहिली. एक ओळ मराठीत वाचायची, तीच गोंडीत सांगायची. लालसू कुंपणाबाहेर होता. सत्तारभाऊ तरातरा तिकडे गेले. "चला भाऊ, लेक वाचून राह्यली अन् तुमी बाहेर काऊन?" त्यांनी हाताला धरून त्याला आत आणलं, सोमारीच्या पुढ्यात बसवलं. शेवटचं पान उलटलं तेव्हा लालसूनं हळूहळू दुपट्टा सोडला. पहिलीतली एक चिमुरडी उठली, त्याच्या गालावर बोट ठेवून तिनं गोंडीत विचारलं, "दुखतं का?" तो म्हणाला, "आता नाही." सोमारीनं सबंध पुस्तक पुन्हा वाचलं, या वेळी मैदानापलीकडे ऐकू जाईल असं खणखणीत!

पुढच्या बाजारापासून लालसू थेट आवारात येऊ लागला. मुलं त्याला अस्वलासारखं गुरगुरायला लावायची आणि किंचाळत पळायची. सगळ्यात मोठ्यानं सोमारी किंचाळायची.

सत्तारभाऊंना हे जग सोडून आता बरीच वर्षं झाली. बस सुरू झाली त्या सकाळी मी पुस्तक त्यांच्यापुढे धरून म्हणाले होते, "भाऊ, यावर तुमचं नाव टाका." त्यांनी ब्रश धुऊन पिशवीत ठेवला आणि हसून मान हलवली.

"सोमारीचं टाका बाई. मी त चांगल्या अस्वलाचं हरीण करून बसलो होतो."