मुख्य दार वगळले आहे

शैलजाबाईंना दिवसभरात बसायला जागा एकच होती, ती म्हणजे ओटा. मलकापुरातला मे महिना. ऊन कललं की ओट्यावर बादलीभर पाणी मारायचं, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला, उद्धवरावांना, चहा पाजायचा, कुशीवर वळवायचं, पायांना तेल लावायचं आणि मग तिथं टेकायचं. शेजारच्या पुष्पाबाई यायच्या. दोघी लसूण सोलायच्या, नाहीतर नुसत्याच बसायच्या. उद्धवराव कारकुनीतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांचं उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. तेव्हापासून शैलजाबाईंचा म्हणावा असा एवढाच अर्धा तास उरला होता.

गल्लीत एका घरी ऐन दिवेलागणीला चोरी झाली, तेव्हा शैलजाबाईंचा मुलगा विहंग पुण्याहून आला आणि दाराजवळ भोंग्याचं पॅनल लावून गेला. दिवे, कूलर, दार, ओट्यावरचा कॅमेरा, सगळं त्याला जोडलेलं. "'घरात' लागलं की दारावर पहारा. उघडलं की भोंगा," त्यानं समजावलं. "'बाहेर' दाबलं की दिवे, कूलर बंद, आणि आत काही हललं तरी भोंगा. संध्याकाळी 'घरात' आपोआप लागेल. पूर्ण बंद केलंस तर मला लगेच मेसेज येईल."

ओट्यावर बसणं यातलं कशात धरायचं, ते त्यानं सांगितलं नाही, आणि बस पकडायच्या घाईत असलेल्या मुलाला त्यांनी विचारलंही नाही.

पहिल्या संध्याकाळी लसणाचं ताट घेऊन त्यांनी दार उघडलं आणि भोंगा वाजला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नीट विचार केला. आपण बसतो ते घराच्या बाहेर. मग 'बाहेर' दाबायला हवं. दाबलं, दार ओढून घेतलं आणि बसल्या. पॅनल काही बोललं नाही.

"आज गुमान आहे वं तुही मशीन," पुष्पाबाई म्हणाल्या.

"समजलं मले आता तिचं."

पुष्पाबाईंचं सुनेचं गाऱ्हाणं अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात भोंगा सुटला. शैलजाबाई आत धावल्या. खोलीत अंधार होता, कूलर बंद पडलेला. उद्धवराव घामानं निथळत होते. कपाळ पुसायला त्यांनी चालता असलेला डावा हात उचलला होता, तेवढंच. आता तो हात तसाच वर राहिला होता आणि डोळे छताला लागले होते. विहंगनं ठरवून दिलेले नातीच्या वाढदिवसाचे आकडे दाबून भोंगा बंद होईपर्यंत गल्ली दारात जमली होती. मग फोन वाजला.

"आई, बाबांना एकटं ठेवून कुठं गेली होतीस?"

"कुठी जातो रे मी? ओट्यावर होती."

"ओटा म्हणजे घरच ना."

"मंग दार उघडलं तं बोंबलते काऊन ते?"

विहंगनं उसासा टाकला. "काही दिवस आतच बस ना. कॅमेऱ्यात ओटा दिसतो सगळा."

"मले ओटा पाह्याचा नाही विहंग. बसायचं आहे." एका हातानं त्या उद्धवरावांचा सदरा सोडवत होत्या. तो पाठीला चिकटला होता.

"दार वगळता येतं," तो म्हणाला. "बाकी सगळं चालू राहतं. पण मग दाराला पहारा नाही."

"दारात मी बसून राह्यतो ना."

मग त्यानं कुठलं बटण कशानंतर दाबायचं ते सांगितलं, दोनदा.

तिसऱ्या दिवशी ओटा धुऊन झाल्यावर शैलजाबाईंनी चष्मा लावला आणि बटणं दाबली. 'मुख्य दार वगळले आहे,' पॅनलच्या आतून एक बाई शुद्ध मराठीत म्हणाली.

"हे कोण वं?" पुष्पाबाईंनी विचारलं. "पुण्याची सून आली का?"

"सून असती तं चहा मागितला असता."

कूलर घरघरत होता. दार सताड उघडं होतं. शैलजाबाईंनी भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले, टाचांच्या भेगा ओल्या फरशीवर ठेवल्या आणि डोळे मिटले.

आतून स्टीलची वाटी वाजली. काही लागलं की उद्धवराव डाव्या हातानं ती पलंगाच्या दांडीवर आपटत. थांबून पुन्हा वाजली.

"मशीनले आयकू नाही येत का हे?" पुष्पाबाई म्हणाल्या.

"नाही. ते मलेच आयकू येते."

त्यांनी पाय आखडते घेतले, गुडघ्यावर हात दाबून उठल्या. "बसा तुम्ही. दार राहू द्या तसंच."