नाबलाचे पांढरे दगड

नाबला बेटावरची. आमच्या बेटावर वाऱ्यापुढं झाड टिकत नाही, माणसंच काय ती टिकतात, असं ती मान वर करून सांगायची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती खाडीच्या अलीकडे फेहीनच्या घरी आली, तेव्हा तिच्या पेटीत दोन लोकरी शाली होत्या, विणायच्या सुया होत्या आणि तळाशी फडक्यात बांधलेल्या सात पांढऱ्या गारगोट्या होत्या. बेटावर मेलेल्या माणसासाठी पांढराच दगड ठेवतात. समुद्रात गेलेल्यांना अंधारात घर दिसावं म्हणून.

गावच्या बायकांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि एकमेकींना ढोसलं. "अगबाई, माहेराहून दगड आणलेत! बरं झालं हो, आमच्याकडे त्यांचाच तुटवडा होता."

आयर्लंडच्या त्या पश्चिम टोकाला बटाट्यांपेक्षा दगडच जास्त पिकतात. नाबलाही हसली. तेव्हा तिला हसता येत होतं.

पहिलं बाळंतपण जानेवारीत झालं. दोन दिवस ती अडली होती. मूल आलं ते निपचित आलं, रडलं नाही. सुईणीने ते फडक्यात गुंडाळलं तेव्हा नाबलाला एक टाच तेवढी दिसली, अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठी नसेल.

"मुलगा होता?"

"होता."

"द्या इकडं."

"द्यायला काही राहिलं नाही गं पोरी. ती भली माणसं घेऊन गेली."

टेकड्यांच्या पोटात राहणाऱ्या, मुलं पळवणाऱ्या त्या अदृश्य लोकांचं खरं नाव आमच्याकडे कोणी उच्चारत नाही. भली माणसं म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं.

बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला चर्चच्या दफनभूमीत जागा नसते. बापाने त्याला एकट्याने न्यायचं, दिवस मावळल्यावर, आणि कोणाचीच मालकी नसलेल्या जमिनीत ठेवायचं. आईला जागा सांगायची नाही. सांगितली तर तिचा पाय तिथून निघत नाही आणि पुढची मुलं जगत नाहीत, असं जुनी माणसं मानत. फेहीन साबणाचं खोकं काखेत मारून गेला. परत आला, हात धुतले आणि बटाटे सोलायला बसला.

"कुठं ठेवलंस त्याला?"

"ठेवलं."

"पण कुठं?"

"नाबला, जेवून घे."

त्या वसंतात ती लाल परकर खोचून गावभर हिंडली. प्रत्येक दगडी कुंपणाच्या बुडाशी वाकायची, नखांनी माती उकरायची. तिच्या पेटीतल्या सातांपैकी एक गारगोटी नाहीशी झाली होती. ती सासूने फेकली असेल असं ती धरून चालली आणि सासूशी महिनाभर बोलली नाही. पुढे मुलगी झाली, दोन मुलगे झाले. तरी दर जानेवारीत त्या दिवशी ती विचारायची, आणि फेहीन उठून गाय बघायला जायचा.

फेहीन बोलायला लागला की चुलीपुढची माणसं पाइप ओढायची विसरायची. मुका असायचा तो घरातल्या त्या एका गोष्टीपुरता. एका हिवाळ्यात शेजारचा बार्टली म्हणाला, "शिवेवर ती पडीक जागा आहे ना, वाट फुटते तिथली, तिथले दगड काढतो म्हणतो. गोठ्याची भिंत घालीन."

फेहीनने पाइप तोंडातून काढला. "तू तिथून दगड काढणार? मग तुला ती दिसली नाही अजून."

"कोण ती?"

"लाल परकराची बाई. वाकलेली असते. तोंड दिसत नाही, केस पुढं आलेले. नखांनी माती उकरते आणि तुझी चाहूल लागली की मान वळवते. मी मान वळायच्या आत पळालो, म्हणून इथं बसलोय."

बार्टलीने आपला गोठा दुसऱ्या दगडांनी बांधला. गोष्ट मात्र पसरली. पलीकडच्या गावातले लोक ती ऐकायला येऊ लागले. कोपऱ्यात विणत बसलेल्या नाबलालाही ती ऐकताना अंगावर काटा यायचा, आणि त्या बाईची कीवही यायची. लाल परकर तर गावात निम्म्या बायकांचे होते.

भूत जिथे फिरतं तिथून जाताना दगड टाकायचा, म्हणजे ते जागेवर राहतं, मागे लागत नाही. चर्चची वाट शिवेवरूनच जायची, त्यामुळे दर रविवारी अख्खं गाव दगड टाकू लागलं. लोक हाताला येईल तो टाकत. नाबला मात्र बेटाची पोर, तिने पांढरेच टाकले. आधी पेटीतले उरलेले सहा, मग किनाऱ्यावरून वेचून आणलेले, लाटांनी घासलेले, सगळे एकसारखे. टाकताना मुलांना शालीआड घ्यायची. फेहीन दोन पावलं मागे टोपी हातात धरून उभा राहायचा. टाकणाऱ्यांत तो कधीच नसे, पण हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

असे तेवीस वर्षांचे रविवार गेले. इंग्रज गेले, आपलं सरकार आलं आणि आपल्या सरकारने सडक काढली. शिवेवर ढीग माणसापेक्षा उंच झाला होता. शहरातून आलेला मुकादम म्हणाला, "हा फोडा. खडी आयतीच आहे."

एकही पहार उचलली गेली नाही.

"काय रे, दगड चावतात का?"

बार्टली म्हणाला, "साहेब, तुम्ही संध्याकाळी मोटारीत बसून जाणार. तिच्या शेजारी आम्हाला राहायचंय."

मुकादमाने गोष्ट ऐकून घेतली. "पहिल्यांदा कोणी पाहिली ही बाई?"

सगळ्यांनी फेहीनकडे पाहिलं.

"बाबा, खरं सांग. खरी असेल तर कामच बंद करतो. मग सगळ्यांनी घरी जायचं."

फेहीन धरून वीस माणसं कामावर होती, सगळ्यांच्या घरी चुली होत्या.

"खोटी आहे," फेहीन म्हणाला. "मी रचली."

"तेवीस वर्षं!" बार्टली ओरडला. "लेका, माझा गोठा वाकडा झाला तुझ्यापायी!" हशा पिकला आणि त्याच हशात पहारी उचलल्या गेल्या. तेव्हा फेहीन चालत गेला आणि ढिगावर जाऊन बसला.

"आता काय? स्वतःच्याच भुताला घाबरलास?" बार्टलीने विचारलं.

तो उठेना. दोघांनी त्याचा हात धरून ओढलं, तर त्याने दुसऱ्या हाताने दगडाला मिठी घातली.

नेमकी तेव्हाच नाबला चहाची किटली घेऊन आली. कोणीतरी हसत हसत तिला सारं सांगितलं. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. तो चेहरा तिने आधी एकदाच पाहिला होता, बटाटे सोलताना. तिने किटली खाली ठेवली.

"इथं आहे तो?"

फेहीनने होकाराची मान हलवली. हसणं थांबलं. बार्टलीने टोपी काढली.

"कुठला दगड?"

"पांढरा. तुझ्याच पेटीतला नेला होता, डोक्याशी ठेवला. जनावरं फिरायला लागली, मग बार्टली दगड काढायचं म्हणाला... मला दुसरं काही सुचलं नाही."

"आणि ती बाई? ती मीच ना?"

"डोळ्यांपुढं तूच होतीस."

नाबलाने ढिगाकडे पाहिलं. पायथ्यापासून टोकापर्यंत त्यात पांढरे दगड होते, तिच्याच हातांनी टाकलेले.

"मी टाकत होते तेव्हा तू बघत उभा असायचास."

"असायचो."

"काय वाटायचं तुला?"

"वाटायचं, निदान दर रविवारी तू त्याच्याजवळ येतेस."

"मी त्याला हाकलायला येत होते, फेहीन."

मुकादमाने आखणीच्या दोऱ्या उपटल्या आणि सडक वळवून घेतली. ते वळण आजही आहे. गाडीवाले म्हणतात तिथे भूत आहे, आणि गावातलं कोणी ते खोडून काढत नाही.

फेहीनने एका दिवसात ढीग उपसून द्यायची तयारी दाखवली. नाबलाने हात लावू दिला नाही. "जसे टाकले तसेच उचलीन, एकेक," ती म्हणाली. दर रविवारी ती एक पांढरा दगड ओटीत घालून घरी आणायची आणि दाराशी रचायची. नवऱ्याला जेवायला वाढायची, त्याचे मोजे विणायची, पण जानेवारीत पुन्हा कधी काही विचारलं नाही. फेहीनने गोष्टी सांगणं सोडलं. लोक चुलीपुढे बसायचे, वाट बघायचे आणि उठून जायचे.

अकरा वर्षांनी नाबला गेली तेव्हा ढीग अजून छातीएवढा होता. तिला चर्चच्या दफनभूमीत रीतसर जागा मिळाली. फेहीन दारातल्या राशीपाशी दिवसभर बसून होता. एक दगड उचलायचा, उलटापालटा करून बघायचा, परत ठेवायचा. संध्याकाळी त्याने त्यातला एक तिच्या डोक्याशी नेऊन ठेवला. तोच का निवडला, असं मुलीने विचारलं.

"सगळे सारखेच आहेत," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.