दशांना पीळ देणारे हात

माझी बालवाडी सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या दोन कारखान्यांच्या मधल्या घरात भरते. भिंतीपलीकडे माग चालू असले की गाणी आवाज चढवून म्हणावी लागतात. मुलांना त्याची इतकी सवय, की वीज जाऊन माग थांबले तरच ती दचकतात.

त्या वर्षी साडेचार वर्षांची एक मुलगी आली. तिला तिचे आजोबा घेऊन येत. घरात तेलुगू, म्हणून ती त्यांना ताता म्हणायची. मग सगळी मुलं म्हणू लागली, आणि शेवटी मीही. तातांचा सगळा जन्म मागावर गेला होता. वर्षापूर्वी त्यांना लकवा मारला. पाय सावरला, पण उजव्या हाताची बोटं आत वळलेलीच राहिली. तो हात ते सदऱ्याच्या खिशात ठेवत आणि डाव्या हातानं नातीला धरून आणत.

मुलगी बोलकी होती. पण वही पुढे आली की गप्प व्हायची. पेन्सिल ती मुठीत धरायची, भाकरी थापायला बसल्यासारखा सगळा जोर खांद्यातून लावायची, आणि टोक तरी मोडायचं नाहीतर कागद तरी फाटायचा. लहान मुलांच्या बोटांत आधी बळ यावं लागतं, मग अक्षर येतं, हे मी प्रशिक्षणात शिकले होते. पण पालक रोज वही उघडून बघत. पलीकडच्या बालवाडीतल्या मुलांच्या वह्या भरत होत्या. मग मीही तिचा हात माझ्या हातात घट्ट धरून ‘ग’ गिरवून घ्यायला लागले. रोज एक पान.

एके दिवशी मी तिच्याजवळ बसले, तशी तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

“हात काढ बघू बाहेर,” मी म्हटलं.

“न्हाय. माझा हात तातासारखा हाय, बाई. त्याला येत न्हाय.”

ती रडत नव्हती. एखादी माहिती द्यावी तसं तिनं मला सांगितलं. ताता तिला न्यायला आले होते. दारातच उभे होते, त्यांनी ऐकलं.

मुलं घरी गेली तरी ताता नातीला घेऊन ओट्यावरच बसून राहिले. मी बाहेर आले तशी म्हणाले, “बाई, दवाखान्यात मला बी आदी पेन दिला नव्हता. रबरी चेंडू दिला दाबायला. मग मणी उचलायला लावले. म्या काय केलं न्हाय. पोरांचे खेळ वाटले, लाज वाटली.”

“उद्यापासून मी सगळ्यांच्याच वह्या बंद करते,” मी म्हटलं. “तुम्ही पण बसाल का तिच्याशेजारी?”

दुसऱ्या दिवशी ताता नातीला सोडून परत गेले नाहीत, तिच्याशेजारी बसले.

आम्ही कणीक मळली. कारखान्यातून टॉवेलचे वाया गेलेले तुकडे मागून आणले. मुलं ते बादलीत बुडवून पिळायची आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घालायची. ताता मुलांच्या रांगेत मांडी घालून बसत. त्यांच्या बोटांतून चिमटा निसटून उडायचा, मुलं हसायची, तेही हसायचे. नात मात्र हसायची नाही. ती त्यांचा अंगठा धरून म्हणायची, “ताता, असं न्हाय. आंगटा हितं ठेव. आता दाब.” आणि त्यांना दाखवता दाखवता तिचा स्वतःचा अंगठा नेमक्या जागी बसायला लागला.

एकदा तातांनी चादरीचा एक तुकडा आणला. त्याच्या काठाला दशा सुट्या होत्या. चार-चार धागे घेऊन त्यांना पीळ द्यायचा आणि टोकाला गाठ मारायची. हे काम एका हातानं होत नाही. मग नात चिमटीत धागे धरायची आणि ताता डाव्या हातानं पीळ द्यायचे. गाठीपाशी दोघांची बोटं एकमेकांत गुंतायची. पंधरा दिवसांनी ती पीळही स्वतः द्यायला लागली. ताता नुसते धागे धरून बसत, उजव्या हातानं.

सगळं गोड झालं असं नाही. बाकीची मुलंही गाठी मारू लागली, तशी एक आई रागावून आली. “पोराला शिकायला पाठवलंय की गाठी मारायला?” मी बरंच समजावलं, पण मला ते नीट सांगता आलं नाही. त्या महिन्यात दोन मुलं पलीकडच्या बालवाडीत गेली. आपण चुकतोय की काय, असं वाटून मी दोनदा वह्या कपाटातून काढल्या आणि पुन्हा आत ठेवल्या.

संक्रांतीनंतर एका सकाळी ती मुलगी खडू घेऊन फरशीवर पालथी पडली होती. मी मुद्दाम जवळ गेले नाही. ‘ग’चा दंड कलला होता, गाठ जरा मोठीच झाली होती, पण खडू तीन बोटांत होता. मग तिनं दुसरा खडू तातांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी एक रेघ ओढली. ती थरथरत गेली आणि मध्येच तुटली.

“चांगली हाय,” ती म्हणाली. “अजून एक काढ.”

तातांचा हात पूर्ण सुधारला नाही. सदऱ्याची बटणं ते लावू लागले, भाकरीचा तुकडा मोडू लागले, तेवढंच. मुलगी शाळेत गेली. आता ती तिसरीत आहे. तिचं अक्षर फार सुरेख नाही, पण वाचता येतं, आणि ती भरभर लिहिते.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मला भेटायला आली. इतकी वर्षं मनात होतं, ते मी बोलून टाकलं. “मी तुझा हात फार घट्ट धरायचे. तुला दुखायचं का गं?”

तिनं थोडा विचार केला. “मला आटवत न्हाय, बाई,” म्हणाली, आणि कणकेचे गोळे करत बसलेल्या लहान मुलांमध्ये जाऊन बसली.