पाडव्याचा वस्तरा

माझ्या आत्याने एखादी गोष्ट मनावर घेतली की त्या गोष्टीला होण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माहेर पेणचं, संसार रोह्याजवळ वरसेला, आणि सगळी नोकरी शाळेत भूमिती शिकवण्यात गेलेली. शाळेने तिला निवृत्त केलं, भूमितीने केलेलं नाही. कोणाच्या घरी भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली की हातातला पाण्याचा पेला खाली ठेवून ती आधी तसबीर सरळ करते. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा तिने मुलीच्या आजोबांचा फोटो असाच सरळ करायला घेतला आणि आजोबा खिळ्यासकट तिच्या हातात आले. आत्या शांतपणे म्हणाली, "खिळा कच्चा होता. बरं झालं, आपल्यादेखत आला." लग्न जमलं, पण बायको तो खिळा मला अजून ऐकवते. एकदा वडखळ नाक्यावर आमची एसटी अडकली, तर ही छत्री घेऊन खाली उतरली आणि धरमतरकडे निघालेल्या दोन ट्रकांमध्ये उभी राहून, "तू मागे घे. तू नाय रे, तो!" असं करत तिने रस्ता मोकळा केला. ड्रायव्हर लोक तिला पुढे बराच वेळ हात जोडत होते. ते कौतुकाने की भीतीने, हे मी विचारलं नाही.

अशा बाईच्या नवऱ्याने गरीब असावं हे ओघानेच आलं. काका स्वभावाने गरीब. जन्मभर कंपनीत शिफ्ट केल्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची चैन एकच. शिफ्ट कुठलीही असो, रोज रोहा स्टेशनाजवळच्या सलूनमध्ये जाऊन दाढी करून घ्यायची. सलून त्यांच्या लहानपणच्या मित्राचं. दोघांनी एकत्र कुंडलिका नदीत डुंबलेलं, एकत्र छड्या खाल्लेल्या. मित्र चामड्याच्या पट्ट्यावर सप् सप् वस्तरा फिरवायचा, काकांची हनुवटी दोन बोटांत धरायचा आणि काका डोळे मिटायचे. मग गावातल्या भानगडी, राजकारण, गुडघेदुखी, सगळं बोलून व्हायचं. काकांनी स्वतःची दाढी आयुष्यात एकदाही स्वतः केली नव्हती.

तो मित्र पावसाळ्याच्या तोंडाला गेला. मुलं नोकरीत, त्यामुळे सलूनला कुलूप लागलं. काका त्या दिवसापासून दाढी करेनासे झाले. आधी वाटलं, दुःखाचे दिवस आहेत, सरतील. पण दाढी वाढत गेली आणि काका घरात मिटत गेले. बाजार बंद, देऊळ बंद, संध्याकाळची फेरी बंद. लेंगा घालून गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि खालच्या पार्किंगकडे बघायचं, एवढंच. वरसेत आता पावलोपावली नवी सलूनं झाली आहेत. आत्या म्हणाली, त्यातल्या एखाद्यात जा. काका म्हणाले, "दुसऱ्याच्या हातात मान द्यायची माझ्याच्यानं व्हायची नाय." मी माझ्यासारखं प्लास्टिकचं रेझर सुचवलं, तर म्हणाले, "त्यानं दाढी होते रे. पण काय वाटत नाय."

गणपती आटोपले आणि आत्या पेणला आमच्या दारात उभी राहिली. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "यंदा दिवाळीच्या पाडव्याला मी ह्यांना वस्तरा देणार. खरा, जुन्या पद्धतीचा. स्वतःची दाढी स्वतः करतील आणि उठून बाहेर पडतील. मला तो माणूस खुर्चीत संपवायचा नाय." शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज हलला. तिचा आवाज हललेला मी तोवर ऐकला नव्हता, म्हणून पाडव्याला बायकोने ओवाळायचं असतं आणि नवऱ्याने ओवाळणी घालायची असते, ही तिची चाल उलटी आहे, असली हरकत मी घेतली नाही.

आम्ही पेणच्या बाजारात सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी पायजे, काकू?"

"नवऱ्यासाठी."

"सलून हाय काय त्यांचं?"

"नाही. गाल आहेत. वस्तरा दाखवा."

त्याने अर्धं ब्लेड घालायचा हलका वस्तरा पुढे केला. हल्ली सगळे हाच वापरतात, धार लावायला नको, असं त्याचं म्हणणं. आत्याने तो उघडला, मिटला आणि परत दिला. "ह्याला पट्ट्यावर फिरवतात का? नाय ना? मग आवाज कसा येणार? ह्यांना तो आवाज ऐकू यायला हवा." दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे बघितलं. शेवटी त्याने माळ्यावरून एक जुना खोका काढला आणि त्यातून काळ्या मुठीचा, अख्ख्या पात्याचा वस्तरा निघाला. आत्याने तो डोळ्यासमोर आडवा धरला, एक डोळा मिटून पात्याची रेघ तपासली आणि मान डोलावली. मग ब्रश. दुकानातले सगळे ब्रश तिने आपल्या गालावर फिरवून पाहिले. तोवर रस्त्यावर बघे जमले होते. डब्यातला तयार फेस तिने "हे केकवर घाला" म्हणून नाकारला आणि चंदनाचा साबण घेतला. साबणाला स्टीलची वाटी आणि तुरटीचा एक स्वच्छ खडा घेतला. पट्टा मात्र तिथे नव्हता. "पट्टा घरात आहे," आत्या म्हणाली.

पुढच्या खेपेला ती काकांचा कमरेचा पट्टा पिशवीत घालून घेऊन आली. चांगला रुंद, चामड्याचा, कंपनीतल्या लोकांनी निवृत्तीच्या दिवशी दिलेला. मी म्हटलं, "काका शोधतील ना?" ती म्हणाली, "सध्या त्यांना पट्टा लागतोय कुठे?"

काकांना शिकवायचं तर आधी आपल्याला यायला हवं, हा शिक्षकी खाक्या. पट्टा आमच्या खिडकीच्या गजाला बांधून तिने शंकरपाळ्यांच्या पोळीवर सुरी चालवावी तसा वस्तरा धारेकडून पुढे रेटला. पहिल्या दोन हातांतच पट्टा जवळजवळ आरपार गेला. वस्तरा पाठीकडून ओढायचा असतो, हे मी मोबाइलवर शोधून दाखवेपर्यंत पट्टा कातडीच्या एका धाग्यावर लोंबत होता. "वरसेला नेऊन खुंटीला लावते," आत्या म्हणाली, "नवीन सवडीने आणू." मग चपला शिवणाऱ्याकडून चामड्याची लांब पट्टी आणली आणि सराव सुरू झाला. टोमॅटो झाले, दुधी झाला, साबण लावलेले फुगे झाले. एकेक फुगा फुटला की खालचे शेजारी वर बघायचे. शेवटी माझा नंबर लागला. पातं गालाशी तीस अंशात हवं म्हणून तिने कोनमापक माझ्या कानाखाली लावला. "हलू नकोस. तू हललास की कोन बदलतो." हनुवटीवर त्या दिवसाची खूण अजून आहे, आणि बायको म्हणते की मी आयुष्यात एवढा स्थिर कधीच बसलो नव्हतो.

भाऊबीजेसाठी आत्याला पेणला आणायला दरवर्षी मीच जातो, म्हणून पाडव्याला सकाळी वरसेत होतो. काकांना तेल लावून झालं, आंघोळ झाली. पाटावर बसलेल्या काकांची पांढरी दाढी गळ्यापर्यंत आली होती. आत्याने ओवाळलं आणि तबकात वस्तरा, ब्रश, वाटी, तुरटी मांडून तबक त्यांच्यापुढे ठेवलं. धारेची वस्तू आमच्यात हातात देत नाहीत, खाली ठेवायची, घेणाऱ्याने उचलायची. काकांनी बराच वेळ नुसतं पाहिलं. मग वस्तरा उचलला, उघडला. आत्याने खिडकीला बांधलेल्या पट्टीकडे बोट केलं, पण ते उठले नाहीत. त्यांनी वस्तरा मिटून परत तबकात ठेवला. आत्याचा चेहरा उतरला.

"मला नाय जमायचं गो," काका म्हणाले. "त्यानं हनुवटी धरली की मी डोळे मिटायचो. मला तेवढंच येतं." आणि तबक हळूच तिच्याकडे सरकवलं. "तू कर."

हे तिच्या योजनेत नव्हतं. पण आत्याने कात्रीने दाढी बारीक केली, फेस लावला, वस्तरा उचलला, पट्टीवर फिरवला, सप् सप् आवाज झाला आणि काकांनी डोळे मिटले. फेसाने माखलेली हनुवटी तिने दोन बोटांत धरली. कोनमापक तिला आठवला नाही. काकांचा गाल अगदी निवांत होता. दाढी उतरत गेली आणि तिच्याखालून आमचे जुने काका निघाले, थोडे बारीक झालेले. तुरटी लावल्यावर त्यांनी आरशात पाहिलं, गालावरून हात फिरवला, उठले आणि म्हणाले, "जरा बाहेर जाऊन येतो. कपाटातली पँट काढ."

पँट चढवून त्यांनी खुंटीवरचा पट्टा ओढला. अर्धा हातात आला, अर्धा जमिनीवर पडला.

"गो, हा कुणी कापला?"

"मीच," आत्या म्हणाली. "गणपतीनंतर. धार लावत होते."

काका दोन्ही तुकड्यांकडे बघत राहिले. "म्हणजे एवढे दिवस मला पट्टा लागलाच नाय?" त्यांनी हळू विचारलं. आत्या आत गेली आणि परकराची नवी नाडी घेऊन आली, आणि काकांनी ती मुकाट्याने पँटला ओवून गाठ मारून घेतली.

आम्ही गॅलरीत उभे राहिलो. खाली काका एक हात कमरेशी आणि एक हात गालाशी धरून चालले होते. बाजार उजवीकडे आहे. ते डावीकडे, स्टेशनाच्या बाजूला वळले.

"आत्या, ते बंद सलूनकडे जातायत. मी जाऊ का सोबत?"

"नको. मित्राला दाढी दाखवून येऊ दे."

रस्ता ओलांडताना त्यांनी दोन्ही बाजूंना मान वळवली. डावा कल्ला उजव्यापेक्षा चांगला बोटभर वर गेला होता. मला दिसलं, म्हणजे तिला केव्हाच दिसलेलं असणार. मी तिच्याकडे पाहिलं.

"माहीत आहे," पदराने डोळे पुसत ती म्हणाली. "तिरका झालाय. राहू दे. तो असता तर पोट धरधरून हसला असता."