माउस सोडल्यावर

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. तिचे यजमान एवढंच म्हणाले, "सकाळी उठलीच नाही…" फोन ठेवला आणि सगळ्यात आधी आठवली ती राजोडी गावातली दुपार. त्याला आता वीसेक वर्षं झाली असतील.

तेव्हा आचोळ्यातल्या तिच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं मराठी लिहिण्याचं सॉफ्टवेअर तयार करत होतो. निवडलेला मजकूर माउसने उचलायचा, ओढत न्यायचा आणि हव्या त्या जागी सोडायचा, ही सोय मी त्यात नव्याने घातली होती. "विंडोच्या बाहेर सोडून पाहिलंस ना?" तिने विचारलं. मी "हो" म्हणालो. पाहिलं नव्हतं.

महिन्याभराने आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या, राजोडीच्या एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. आईने सांगितलेली लग्नातली गाणी त्यांनी थेट कम्प्युटरवर उतरवून घेतली होती. आई नुकतीच वारली होती. "बाय, आयेची सगली गानी गेली गं…" ते रडतच होते. सगळी गाणी निवडून ओढताना हात घसरला, माउस विंडोबाहेर सुटला आणि मजकूर नाहीसा झाला. घाबरून त्यांनी तसंच सेव्हही केलं. दुसरी प्रत नव्हती. माझा प्रोग्राम मजकूर आधी जुन्या जागेवरून काढायचा, मग नव्या जागी ठेवायचा. नवी जागाच मिळाली नाही तर…

"मास्तर, खुर्चीवरून उठा. कशाला हात लावू नका, मशीन चालूच राहू दे," ताई म्हणाली. उचललेला मजकूर काही वेळ मेमरीत राहायचा. वीज गेली की संपलं. आणि राजोडीला दोन वाजता लोडशेडिंग असायचं. एक वाजून गेला होता.

आम्ही रिक्षा पकडली. मी सारखा घड्याळ बघत होतो. मास्तर दारातच उभे होते, स्वतःच्याच खोलीत पाऊल टाकायला घाबरत होते. ताईने मेमरी धुंडाळायला घेतली. पडद्यावर नुसत्या निरर्थक अक्षरांच्या रांगा सरकत होत्या. पावणेदोनला पंखा मंदावला, पडदा लुकलुकला. मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा पंखा पुन्हा फिरत होता आणि ताई एक ओळ आमच्या फॉन्टमध्ये आणून विचारत होती, "मास्तर, ही ओळखीची वाटते का?" मास्तर ती वाचता वाचता गायलाच लागले.

दोनला पाच कमी असताना गाणी उतरवलेली फ्लॉपी बाहेर काढली. शेवटची दोन गाणी मिळाली नाहीत. ती मास्तरांनी पुढे आठवून लिहिली. एक कडवं मात्र त्यांना कधीच आठवलं नाही.

परतताना मी खरं सांगून टाकलं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "फार पटकन हो म्हणालास तू. मीच बघायला हवं होतं." मग रिक्षाबाहेर बघत म्हणाली, "सापडेल याची मला काही खात्री नव्हती रे…"

त्याच संध्याकाळी तिने प्रोग्राम बदलला. मजकूर नव्या जागी पोचल्याशिवाय जुना पुसायचाच नाही. तरी तेव्हापासून माउसचं बटण सोडलं, की ओळ नीट बसलेली दिसेपर्यंत ती हात उचलायची नाही. ती सवय मला कधी लागली, कळलंच नाही. काल ऑफिसात शेजारच्याने विचारलं, "काय रे, अडकलंय का काही?"

"नाही," मी म्हणालो. पण हात उचलला नाही.