सरावाला दोघी हव्यात

“मेधाला सांगा, आईच्या आधी शब्द बोलून टाकू नकोस म्हणावं.” अनघा माझ्या टेबलासमोर उभी राहून सांगत होती. आदल्या दिवशी मेधाने असाच एक निरोप अनघासाठी ठेवला होता. दोघी सावत्र बहिणी, आणि मध्ये मी.

मी स्पीच थेरपिस्ट. भोपाळला जवाहर चौकाजवळच्या एका क्लिनिकमध्ये काम करते. पेशंट होत्या या दोघींच्या आई, सुमनकाकू. पॅरालिसिसच्या अटॅकनंतर त्यांना अफेजिया झाला होता. म्हणजे ऐकलेलं कळतं, काय म्हणायचं तेही मनात असतं, पण शब्द सापडत नाही. सापडला तर भलताच. पाणी हवं असलं की काकू ‘चावी’ म्हणायच्या, आणि चुकलं हे कळून रडायच्या.

काकू अनघाच्या सख्ख्या आई. मेधा ही काकूंच्या यजमानांची, म्हणजे काकांची, पहिल्या बायकोपासूनची मुलगी. काकूंचंही ते दुसरं लग्न. दोन्ही मुली शाळेत असल्यापासून एका खोलीत वाढल्या. काका वारले तेव्हा मेधा पुण्याला होती. ती पोहोचायच्या आत अंत्यसंस्कार उरकले होते. “वडील माझे, आणि ठरवलं अनघानं,” एवढंच ती मला म्हणाली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आता बदली होऊन मेधा भोपाळलाच, अवधपुरीला राहायला आली होती. काकू सोनागिरीला, अनघाकडे. क्लिनिकला त्यांना एक दिवस एक आणायची, दुसऱ्या दिवशी दुसरी.

या आजारात खरं काम घरी होतं. पेशंट अडला की थांबायचं. पहिलं अक्षर द्यायचं, पुन्हा थांबायचं. अनघा थांबायची. मेधाला काकूंची धडपड बघवायची नाही, ती अख्खा शब्द सांगून मोकळी व्हायची. शिवाय काकूंच्या आसपास कुणी आपसात गप्पाच मारत नव्हतं. माणूस बोलायला शिकतो तो दुसऱ्यांचं बोलणं कानावर पडून, मोठेपणी पुन्हा शिकतानाही. काकूंची प्रगती थांबली होती.

दोघींना एकत्र बोलवायचं मी ठरवलं. आमचे सीनियर डॉक्टर म्हणाले, “घरगुती भानगडीत पडू नका.”

“भानगड नाही सर, सराव शिकवायचाय.”

“मग बोलवा. पण पेशंटला त्रास झाला तर सेशन तिथेच बंद.”

दोघी आल्या. काकूंच्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला ती. मी घरचा एक फोटो समोर ठेवला. त्यावर दोघींनी गप्पा मारायच्या आणि काकूंना त्यात ओढायचं, एवढाच व्यायाम. फोटोत काका होते. मेधा बराच वेळ बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, की तिला त्यांचं शेवटचं दर्शनही मिळालं नाही. थांबणं शक्य नव्हतं, असं अनघा म्हणाली.

“एक रात्र थांबली असतीस,” मेधा म्हणाली.

काकू डाव्या हाताने टेबलावर थापा मारायला लागल्या. चेहरा लाल झाला होता. सरांचं वाक्य आठवून मी सेशन थांबवणारच होते. पण त्या शब्द शोधत होत्या. मेधाने मदतीला तोंड उघडलं, तिला मी हाताने गप्प केलं.

“मी,” काकू म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, “मी... सांगितलं. अनु नाही. मी.”

अनघा रडायला लागली. मग तिने सांगितलं. काकांना बर्फावर ठेवलेलं काकूंना बघवेना. आत्ताच्या आत्ता न्या, असा हट्ट त्यांनीच धरला होता. नंतर मेधाला खरं सांगायला त्या निघाल्या, तेव्हा अनघानेच अडवलं.

“का पण?” मेधाने विचारलं. “इतकी वर्षं?”

“तू माझ्याशी बोलणं टाकलंस, ताई. आईशी तरी बोलत होतीस. तेही तुटलं असतं.”

मेधा उठून जाणार, असं मला वाटलं. ती बसून राहिली. शेवटी काकूंकडे बघून म्हणाली, “मला फार राग आलाय, आई. पण मी कुठे जात नाहीये.”

पुढच्या वेळेपासून दोघी बरोबर यायला लागल्या. आधी बोलणं औषधांपुरतं आणि सरावापुरतं. काकांच्या श्राद्धाचा स्वयंपाक दोघींनी मिळून केला, आणि त्या दिवशी मेधा खूप रडली, असं अनघाकडून कळलं. राग गेला नव्हता, पण क्लिनिकबाहेरच्या बाकावर बसून त्या भाजीपाल्यावरून वाद घालायच्या आणि काकू मध्येच एखादा शब्द टाकायच्या. काकू पूर्वीसारख्या कधीच बोलल्या नाहीत. दोन-तीन शब्दांची वाक्यं जमायला लागली, तेवढंच.

हल्ली मी पेशंटच्या घरच्यांना एकत्र बोलावते. दर वेळी असं काही होत नाही, बहुतेकदा नुसता गोंधळ होतो. पण पेशंट शब्द शोधत असला की कुणालाही मध्ये बोलू देत नाही. तो काय म्हणणार आहे हे आपल्याला माहीत आहे, असं सगळ्यांनाच उगाच वाटत असतं.